डोंगरउतारावरचं समाजमंदिर: कौलं की स्लॅब?

पागोळी:
आमचं गाव दापोली तालुक्यात. खाली समुद्र, पाठीशी डोंगर. जुनं समाजमंदिर मोडकळीला आलंय आणि नव्यासाठी निधी मंजूर झालाय. आराखडा असा: जेसीबीने डोंगर उभा कापून सपाट जागा काढायची, त्यावर स्लॅबचा हॉल आणि तीन बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या.

माझा याला ठाम विरोध आहे. एप्रिल-मेच्या दमट हवेत अंगाला वारा लागणं हाच उपाय, आणि सरकती खिडकी उघडते निम्मीच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री, नमनाचा खेळ (आपलं कोकणी लोकनाट्य) ऐन रंगात असताना, उष्णता खाली सोडतो. शिवाय गळतो. कुठल्याही वाडीत बघा, स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड चढलेली दिसेल. म्हणजे दोन छपरांचा खर्च. त्यापेक्षा जांभ्याच्या भिंती, उंच आढं, मंगलोरी कौलं, भोवती पडवी आणि उतार आहे तसा ठेवून दोन टप्प्यांत जोतं. डोंगर कापायचाच नाही.

खालची वाडी:
३ जून २०२० विसरलात? निसर्ग वादळात आमच्याकडे कौलं उडाली, वासे उघडे पडले आणि माणसं पोरांना कवटाळून शेजारच्या स्लॅबच्या घरात धावली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. उद्या इशारा आला की किनाऱ्यावरच्या घरांतली माणसं याच समाजमंदिरात आणायची ना?

आणि दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, कोण करणार? तरणी पोरं मुंबईला. छपरावर चढणारा माणूस मिळत नाही आणि वानरांची टोळी एका सकाळीत अर्धं पाखं फोडून जाते. घराची कौलं परवडेनात म्हणून लोक पत्रे घालताहेत, तिथे सार्वजनिक इमारतीची निगा कोण राखणार? उकडलं तर पंखे लावू.

पागोळी:
निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंखे कशावर फिरवणार? सुटी ठेवलेली कौलं उडणारच. कडेच्या ओळी आणि आढ्याची कौलं सिमेंटच्या मसाल्यात बसवा, बाकीची तारेने रिपेला, म्हणजे खालच्या लाकडी पट्टीला बांधा, वासे भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने आवळा. वानरांचा त्रास खरा आहे, पण त्यासाठी अख्खी इमारत भट्टी करायची का?

ओळंबा:
बांधकामातला माणूस आहे म्हणून लिहितो. वारा छपराला खालून उचलतो, त्यामुळे पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवा. पडवी गेली तरी हॉल वाचतो. दोनपाखीपेक्षा चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरतं छप्पर बरं, उतार ३० अंशांच्या आसपास. स्वयंपाकघर आणि भांडार मात्र भक्कम स्लॅबचं करा, वादळात तोच निवारा. खाऱ्या हवेत सळईवर ४५ मिमी काँक्रीट हवंच. ठेकेदार तिथे हात आखडतो आणि थोड्याच वर्षांत सळई फुगून स्लॅबचे पोपडे पडतात.

पण तुम्ही दोघं छपरावर भांडताय आणि धोका पायाखाली आहे. आपल्याकडे वर जांभा आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकण माती. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, मातीवर अडतं आणि बाजूला वाट शोधतं. तिथे उभा काप घेतला की वरच्या डोंगराचा आधारच जातो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून जास्त माणसं दरडीखाली गेली. डोंगर पाण्याने भरला की काय होतं ते आपण पाहिलंय. म्हणून आधी वरच्या अंगाला चर काढा आणि पाणी बाजूच्या वहाळात सोडा. जुने गडगे, म्हणजे रचीव दगडांचे बांध, बिनसिमेंटचे, त्यांतून पाणी निघून जायचं. नव्या भिंतीला भोकं ठेवली नाहीत तर पहिल्याच मोठ्या पावसात तिच्या पोटाला फुगवटा येईल.

बचतगट:
दोन टप्प्यांचं जोतं कागदावर छान, पण भाताची पातेली घेऊन पायऱ्या कोण चढणार? आम्हीच ना? रस्ता वरच्या टप्प्याला लागतो, तर स्वयंपाक आणि जेवणाची जागा दोन्ही वरच हवी, म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला सरळ आत येता येईल अशी. संडास खाली काळोखात नको, लगत हवेत.

पाण्याचं तर कुणी बोललंच नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. २०० चौरस मीटरचं छप्पर धरलं तरी ६ लाख लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून जातं आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो. टप्प्यामुळे खालच्या अंगाला जी उंची मिळेल तिथे लाखभर लिटरची टाकी बसते. ती आराखड्यात घाला.

खालची वाडी:
टाकी हवीच, डोंगर न कापण्यालाही माझी हरकत नाही. पण वादळात साठ माणसं स्वयंपाकघरात कोंबणार असाल तर मी सही करणार नाही. हॉलवर उतरता स्लॅब टाका, वर थोडी पोकळी ठेवून कौलं बसवा. खर्च वाढेल, वाढू दे.

पागोळी:
मग वाऱ्याला निदान आढ्याशी झरोके आणि समुद्राच्या बाजूला झडपांची दारं हवीत, काच नको. याला तयार असाल तर ग्रामसभेत दोन्ही आराखडे मांडू. आणि ओळंबा म्हणतात तो चर नकाशावर दाखवल्याशिवाय जेसीबी डोंगराला लावू द्यायचा नाही, एवढं तरी आपण सगळे मिळून लेखी देऊ.