मदत हवी आहे: आईच्या मानेच्या ऑपरेशननंतर घरी काळजी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

माझ्या आईचं (वय ६१, साखरेच्या गोळ्या चालू) मानेचं ऑपरेशन झालं आहे. पुण्याहून तिला कराडला घरी आणलं, आता तिसरा आठवडा चालू आहे. औषधं आणि उपचार डॉक्टर सांगतील तसेच होतील. पण डिस्चार्ज कार्डावर पट्टा लावणे, विश्रांती घेणे आणि सहा आठवड्यांनी एक्स-रे काढून दाखवायला येणे, एवढंच लिहिलं आहे. आमचे प्रश्न सकाळी तिला अंथरुणातून उठवण्यापासूनच सुरू होतात. ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा घरच्या कुणाचं केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आधीचं थोडक्यात सांगते. वर्षभर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. मग ब्लाउजचे हूक लागेनात, तांदूळ निवडताना खडा चिमटीत येईना, पायऱ्या उतरताना तोल जायला लागला. आम्ही बी-१२ कमी असेल, संधिवात असेल असं धरून चाललो होतो. एमआरआयमध्ये सी-५ आणि सी-६ मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आलेला दिसला. गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन ती गादी काढली, तिच्या जागी केज (वरचा-खालचा मणका एकमेकांना जुळेपर्यंत आधार देणारा छोटा ठोकळा) बसवला आणि प्लेट-स्क्रू लावले. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की आणखी बिघडू नये हा पहिला हेतू आहे, गेलेली ताकद किती परत येईल ते हळूहळू कळेल.

आता सगळ्यात मोठी काळजी खाण्याची. भाकरी, चपाती, साधी मऊ इडलीसुद्धा घशात अडकते म्हणते. पेज, शिरा, गुरगुट्या भात जातो, पण त्याने साखर वाढतेय. आवाज बसलाय, संध्याकाळपर्यंत अगदी कुजबुजल्यासारखा होतो. हे किती दिवस चालतं?

दुसरं म्हणजे मानेपेक्षा तिची पाठ जास्त दुखते, दोन्ही खांद्यांच्या मधे. रात्री दोन-तीनदा त्यानेच जाग येते. ऑपरेशन मानेचं आणि दुखणं पाठीत, म्हणून ती घाबरली आहे.

तिसरं, तिला बसवून ठेवणं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत उठते. काल वहिनीची पाठ वळली तेवढ्यात कणीक मळायला घेतली होती. पाटावर बसून, वाकून देवपूजा करायचा हट्ट तर रोजचाच आहे. काय करू द्यावं आणि काय नाही, हेच आम्हाला नीट कळत नाही. नुसतं झोपवून ठेवलं तर पायातली ताकद जाईल अशीही भीती वाटते.

चौथं, मिश्री. डॉक्टरांनी बंद सांगितली आहे. लहानपणापासूनची सवय. "नुसती दाताला तर लावते, गिळते का मी?" यावर तिला पटेल असं काय सांगू?

आणि शेजारच्या काकू रोज सांगतात की अमक्या गावात एक जण मान चोळून देतो, त्याला बोलवा. मी ठाम नाही म्हणतेय, पण बाबांचं मन डळमळायला लागलंय.

हाताच्या मुंग्या अजून तशाच आहेत. त्याबद्दल कुणाचा अनुभव असेल तर नक्की सांगा.

प्रतिसाद

ताई, माझं हेच ऑपरेशन झालंय, दोन गाद्यांचं. पहिले काही आठवडे घशात लाडू अडकल्यासारखं वाटायचं. समोरून मणक्यापर्यंत पोचायचं तर अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला ओढून धरावी लागते, त्याची ती सूज असते असं मला सर्जननी समजावलं होतं. आवाजाच्या नसेवरही त्या ओढण्याचा ताण येतो, त्यामुळे आवाज बसतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत बरंच सुधारतं. माझा आवाज आधी सुटला, चपाती मात्र बऱ्याच उशिराने जायला लागली.

खाण्याचं म्हणाल तर नुसत्या भातावर ठेवू नका. जखम भरायला आणि हाड जुळायला प्रथिनं लागतात. मुगाचं घट्ट कढण, चालत असेल तर मऊ अंडाभुर्जी, कुस्करलेलं पनीर, दही, वरणात शिजवून घोटलेल्या भाज्या, असं द्या. साखरेलाही हे बरं. चपाती द्यायचीच असेल तर वरणात पूर्ण भिजवून. छोटा घास, दोन वेळा गिळायचं, मग पुढचा घास. जेवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. पट्टा असला की ताटाकडे बघता येत नाही, म्हणून ताट उंच स्टुलावर ठेवा. जेवणापुरता पट्टा सैल करायला चालेल का, हे सर्जनना फोन करून विचारा. मला परवानगी मिळाली होती, पण प्रत्येकाचं वेगळं असतं. मोठी गोळी अडकली तर परस्पर कुटून देऊ नका, काही गोळ्या फोडायच्या नसतात. केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा.

पाठीचं दुखणं मलाही तिथेच होतं. बसलेल्या गादीच्या जागी उंच केज बसला की मागचे सांधे आणि स्नायू ताणले जातात. काही आठवड्यांत कमी होत गेलं. मात्र वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या हाड जुळेपर्यंत बरेच सर्जन टाळायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच लिहिते. त्यांच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

तुमची भीती रास्त आहे, झोपवून ठेवू नका. या काळातला सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे चालणं. घरातल्या घरात, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. मानेचे व्यायाम मात्र सर्जननी सांगितल्याशिवाय एकही नको.

मज्जारज्जूवर दाब होता आणि तोल जात होता, म्हणजे मला सर्वात जास्त भीती पडण्याची वाटते. दारातली पायपुसणी उचलून ठेवा, पट्ट्यामुळे त्यांना पायाखालचं दिसत नाही. बाथरूम कोरडं करा, आंघोळीला उंच स्टूल द्या, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागणार नाही. रात्री दिवा चालू ठेवा आणि कुणीतरी सोबत झोपा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, दुखण्याच्या काही गोळ्यांनी ते होतं आणि कुंथण्याने त्रास वाढतो.

उठवताना हात धरून ओढू नका. आधी कुशीवर वळायचं, खांदे आणि कंबर एकदम, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटत उठून बसायचं. जमिनीवरचं अंथरूण सध्या नको. उशी एवढीच हवी की मान ना पुढे वाकेल ना मागे पडेल.

कणीक मळणं, लाटणं, कळशी उचलणं, कुकर उतरवणं, डोक्यावरच्या फळीवरचं काढणं, हे सगळं बंद. पाण्याने भरलेल्या तांब्याहून जड काही नको, असं त्यांना सांगा. पण हाताला काम हवंच. टेबलाशी ताठ बसून लसूण सोलणं, मटार सोलणं, वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाकणं, यातून बोटांना तोच सराव मिळतो जो आम्ही दवाखान्यात करून घेतो. आणि देव थोडे दिवस टेबलावर छातीच्या उंचीला मांडा, खुर्चीवर बसून पूजा करू द्या. पूजा बंद केली की पेशंट खचलेले मी पाहिलेत.

मुंग्यांचं सांगायचं तर दाबलेला मज्जारज्जू लगेच पूर्ववत होत नाही. सुधारणा काही महिने, कधी वर्षभर चालू राहते, आणि सगळं परत येईलच असं नसतं. दर आठवड्याला हूक किती वेळात लागतात आणि सही कशी येते ते वहीत लिहा. सुधारणा सावकाश होत असेल तर ती रोज जाणवत नाही, वहीत दिसते.

चोळणाऱ्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका. हाड जुळायचंय तिथे झटका दिला तर कायमचं अपंगत्व येऊ शकतं. बाबांना माझा हा प्रतिसाद वाचून दाखवा.

पुढचं फ्रिजवर लिहून चिकटवा. गळ्याला वाढती सूज, श्वासाला त्रास, स्वतःची लाळही गिळता न येणं, हातापायांतली ताकद अचानक कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर फोनवर विचारत बसू नका, १०८ बोलवा किंवा थेट हॉस्पिटल गाठा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज, प्रत्येक घोटाला ठसका, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रतिसाद

मिश्रीबद्दल. तंबाखू जाळली तरी निकोटीन राहतं आणि हिरड्यांतून थेट रक्तात जातं, गिळावं लागत नाही. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि हाड जुळायला अडथळा आणतं. माझ्या सासूबाईंना आम्ही "कायमची सोडा" म्हटलंच नाही, "हाड जुळलेलं एक्स-रेत दिसेपर्यंत" एवढंच म्हटलं. डबी त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. तंबाखूच्या पुडीवर सरकारचा मोफत क्रमांक छापलेला असतो, १८००-११-२३५६. तिथे सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगम सर्जनना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यातही निकोटीनच असतं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पाठीच्या दुखण्याचं कारण आईला वाचून दाखवलं, तिची अर्धी भीती तिथेच गेली. पट्टा सैल करण्याबद्दल हॉस्पिटलला फोन केला. जेवताना ताठ बसून सैल करायला परवानगी दिली, आणि गिळणं पुढच्या तपासणीपर्यंत सुधारलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने बघू म्हणाले. देव आज दुपारीच टेबलावर मांडले. बाबांनी काकूंना स्वतः नाही सांगितलं. मिश्रीचं बोलणं वहिनी करणार आहे, तिचं आई जास्त ऐकते.

एक प्रश्न राहिला. एक्स-रेसाठी पुण्याला गाडीने न्यायचं आहे, साडेतीन तास तरी लागतील. बसवून न्यावं की मागच्या सीटवर झोपवून?

प्रतिसाद

झोपवून नको, ब्रेक लागला तर सांभाळता येणार नाही. पुढच्या सीटवर, पाठ किंचित कललेली, डोकं मागे टेकलेलं, पट्टा आणि सीटबेल्ट दोन्ही लावून. तासाभराने थांबवून पाच मिनिटं चालवा. आणि निघायच्या आधी हॉस्पिटलला विचारा, कराडला एक्स-रे काढून पाठवला तर चालेल का. आमची एक फेरी तशी वाचली होती.