आयाळ विंचरली म्हणजे खून केला का हो?

पोतडी:
परवा 'जुनं_ते_सोनं' यांनी जे लिहिलंय ते वाचून दोन दिवस धुमसतेय, तिकडे प्रतिसादात मावणार नाही म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: बार्बी-सिंडी या बाहुल्यांचे सेकंडहँड घोडे आणून धुणं, डाग काढणं, आयाळ-शेपटी बदलणं म्हणजे इतिहास पुसणं आहे आणि आम्ही सगळ्या "वरातीच्या घोड्याला लिपस्टिक लावणाऱ्या हौशी बायका" आहोत. बरं. हौशी आहोतच, कोणाच्या बापाचं काय जातं.

आता मी काय करते ते ऐका. मार्चमध्ये इथे लीड्सजवळ कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) गेले होते, पाऊस, चिखल, नवरा गाडीत बसून चहा पितोय, आणि एका बाईच्या ताडपत्रीवर बिनझाकणाचे डबे आणि तुटका टोस्टर यांच्यामध्ये डॅलस, बार्बीचा घोडा, आडवा पडलेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, सोनेरी अंग, पांढरी आयाळ, ज्यांना माहितेय त्यांच्या पोटात आत्ता कालवलं असेल. दोन पाउंड. आयाळीचा नमदा झालेला, म्हणजे गाठी वगैरे नाहीत, सलग एक जाड फडकं, त्यात च्युइंगम आणि एक मेलेला कोळी. शेपटी अर्धी. डाव्या कानावर दातांचे व्रण. पोटावर निळ्या बॉलपेनने 'केटी'.

भांडी घासायचं लिक्विड, मग कंडिशनर, मग उवा काढायची फणी घेऊन टोकाकडून मुळाकडे, बोटभर बट धरून. चार संध्याकाळी गेल्या. मग गरम पाणी फक्त केसांवर, अंगावर नाही. पोटावरच्या बॉलपेनला पिंपल्सचं क्रीम, १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं, वर प्लास्टिक गुंडाळून खिडकीत उन्हाला, आणि इथलं ऊन म्हणजे तीन आठवडे लागले. शेपटी नवी बसवली, सारानची (बाहुल्यांच्या केसांचा कृत्रिम धागा). कान तसाच ठेवला.

आता शेजारची पाच वर्षांची पोरगी आली की तोच मागते आणि मी देते. इतिहास कुठे मेला सांगा. इतिहास त्या दिवशी संध्याकाळी टोस्टरबरोबर कचऱ्यात जाणार होता.

जुनं_ते_सोनं:
आमच्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. लिपस्टिकचं वाक्य मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

माझा साधा प्रश्न. केटी कुठे गेली? चाळीस वर्षांपूर्वी एका मुलीने हा माझा घोडा आहे म्हणून स्वतःचं नाव घातलं, ते चाळीस वर्षं टिकलं, आणि तुम्ही पिंपल्सचं क्रीम लावून तीन आठवड्यांत तिचा सातबारा कोरा केलात. आणि त्या जागी अंगाचा रंग फिकट झाला की नाही ते पण सांगा खरं खरं. पेरॉक्साइड शाईला ओळखत नाही, जे सापडेल ते उडवतं. पिवळे पडलेले पांढरे घोडे १२ टक्क्यांचं हेअर डेव्हलपर (केस रंगवताना वापरतात ते पेरॉक्साइडचं क्रीम) फासून उन्हात ठेवायचे, ते तर काही काळाने परत पिवळे पडतात, वर क्रीम जिथे वाळलं तिथे ढगांसारखे डाग. म्युझियमवाले म्हणतात जे काही कराल ते उलटवता आलं पाहिजे. केटी परत आणून दाखवा.

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. मी मिडनाइट, बार्बीचा काळा घोडा, घेतला होता 'ओरिजिनल आयाळ' म्हणून, चांगले पैसे मोजून. घरी आल्यावर भिंगातून बघतो तर मानेच्या फटीत गोंदाची रेघ. अख्खी आयाळ नवी. विकणारी बाई म्हणे "पण सुंदर दिसतोय ना!" हेच लोक पाठीवर १९६६ कोरलंय म्हणून नव्वदीतली बार्बी साठच्या दशकातली म्हणून विकतात. ते कॉपीराइटचं साल असतं हो, बाहुली बनल्याचं नाही!

रेवा२:
"जसं आहे तसं ठेवा" गँगसाठी माझा अनुभव. मी पण तशीच होते. एक पांढरा घोडा सॅडल-बिडल सकट बॉक्समध्ये वीस वर्षं हात न लावता ठेवला, मिंट मिंट, म्हणजे अगदी नवाकोरा, म्हणून मिरवलं. गेल्या वर्षी सॅडल उचलली तर उचलेना. चिकट. ओढली तर खाली पाठीवर पट्ट्याचा आकार वितळून बसलेला, बकलच्या भोकांसकट. मऊ पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) वर्षानुवर्षं पाझरतं आणि खालचं कडक प्लास्टिक खातं. म्हणजे ओरिजिनल सॅडलने ओरिजिनल घोडा खाल्ला आणि मी कौतुकाने बघत बसले. हात न लावणं हा पण एक उपद्व्यापच आहे जुनंजी.

(उलट बाजूचं पण सांगते नाहीतर पोतडी खूश होईल: एकदा डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावला, ॲसिटोनवाला. डाग गेला. खूर पण गेला.)

वेलांटी:
चर्चा छान. पण 'सॅडल', 'सॅडल' काय चाललंय? खोगीर हा शब्द काय कोणी बॉक्ससकट विकला का? ज्या भाषेत अबलख आणि पंचकल्याणी असे शब्द आहेत, त्या भाषेतले लोक घोड्याबद्दल बोलताना इंग्रजीला शरण. पोतडी यांनी 'नमदा' वापरला ते वाचून मात्र बरं वाटलं.

रेवा२:
@वेलांटी पीव्हीसीचं खोगीर. घ्या. पाठ तेवढीच वितळली.

निवांत_काका:
सगळं वाचलं. चाळिशीच्या बायका आणि (माफ करा) एक बाप्या प्लास्टिकच्या घोड्याच्या शेपटीवरून भांडतायत, घोर कलियुग. सावंतवाडीला जा, चितारआळीत लाकडी घोडा मिळेल, नातवापर्यंत टिकेल. आणि घोडाच हवा असेल तर ब्रेयर कंपनीचा घ्या, निदान घोड्यासारखा दिसतो. हे बार्बीचे घोडे म्हणजे पापण्या लावलेले उंट. शिवाय चॅरिटी शॉपमधली खेळणी गरीब पोरांसाठी असतात, ती तुम्ही उचलता, भाव तुमच्यामुळे वाढतात.

पोतडी:
काका, ब्रेयरचा मोठा साचा १:९ चा, म्हणजे खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाचा, बार्बी १:६ ची. साडेअकरा इंचांची बाई त्यावर बसवली की पाय जमिनीला लागतात, नवरदेवाला शिंगरावर बसवल्यासारखं दिसतं. पंधरा हातांचा (घोडा मोजायचा हात चार इंचांचा) घोडा म्हणजे खांद्यापाशी साठ इंच, भागिले सहा, दहा इंच. बार्बीचा घोडा त्या हिशोबात बसतो, ब्रेयर नाही. आणि कोळी अडकलेला घोडा कुठलं गरीब पोर मागत होतं ते दाखवा. गरीब पोरांना पण नाक असतं.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
काकांच्या 'नातवापर्यंत टिकेल' वरून आठवलं, थोडं अवांतर होईल पण राहवत नाही.

१९९१. मी सात वर्षांची, डोंबिवली. लिओ मॅटेलची बार्बी दुकानात दिसायची, पण घोडा आम्ही फक्त मामाच्या तोंडून ऐकलेला. मामा अमेरिकेतून आला, बॅग उघडली, त्यात घोडा. मी हात पुढे केला आणि आईने तो मधल्यामध्ये उचलला, "पाहुणे गेले की देते". पाहुणे गेले. घोडा शोकेसमध्ये गेला, एका बाजूला ताजमहाल आणि दुसऱ्या बाजूला बाबांची कॅरमची ढाल. अंगावर प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. किल्ली आईच्या कपाटात. रविवारी पुसायला काढायची तेव्हा मला शेपटीला हात लावायची परवानगी. अठरा वर्षांची होईपर्यंत. मग मीच म्हटलं राहू दे आता.

आई गेल्या वर्षी इथे राहायला आली, येताना तो घोडा घेऊन आली. पिशवी पिवळी, रबरबँडचं डांबर झालेलं, लगाम हातात घेतला तर तुकडे. एकदाही कोणी खेळलं नाही आणि तरी संपला. जुनं ते सोनं यांनी सांगावं की यात कोणाचा इतिहास जतन झाला.

कढीपत्ता:
+१ +१ +१. आमच्याकडे बोलणारी बाहुली होती. सेल घालायचे नाहीत म्हणून कधी बोलली नाही. मुकी गेली.

रेवा२:
आमच्याकडे परदेशी टी-सेट. आजही आहे. "तुझ्या लग्नात काढू" आई म्हणाली होती, माझी मुलगी कॉलेजला आहे.

निवांत_काका:
झालं सुरू, आईबापांच्या नावाने गळे काढणं. त्या माउलीला तेव्हा पगार किती होता माहीत आहे का? अमेरिकेतून आलेली वस्तू परत मिळणार होती का? तुम्ही तिसऱ्या दिवशी पाय मोडला असता. तिने सांभाळलं म्हणून आज रडायला तरी घोडा आहे.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
मोडला असता तर मोडला असता! मोडलेला घोडा माझा असता. हा शोकेसचा आहे. आणि माझ्या आईला किती पगार होता ते मला माहितेय काका, तुम्हाला नाही. आईवर घसरू नका.

निवांत_काका:
मी तुमच्या आईची बाजूच घेतोय बाई, घसरताय तुम्ही.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
माझ्या आईची बाजू घ्यायला मी आहे. तिला मी सात वर्षांची असल्यापासून बोलतेय, तुम्ही आज आलात.

जुनं_ते_सोनं:
शोकेसचं पाप माझ्या माथी मारू नका. मी खेळू नका म्हणालो नाही, खेळल्याच्या खुणा पुसू नका म्हणालो. केटीने खेळलंच होतं की. तुम्ही सगळे मिळून माझ्या मुद्द्याला खोगीर घालून भलतीकडेच दौडत सुटलात (वेलांटी, खूश?).

वेलांटी:
खूश. पण याला खोगीरभरती म्हणतात.

कढीपत्ता:
आधी +१ देऊन गेले होते, आता नीट लिहिते. मी पोतडीच्या बाजूची होते हे आधीच सांगते.

माझा घोडा काळा होता, कंपनी कुठली देव जाणे, दुबईहून आत्याने आणलेला. चौथीत शाळेतून उवा आल्या. केस कमरेपर्यंत होते, आजीने तेल लावून वाढवलेले. रॉकेल झालं, फणी झाली, मग आईने कंटाळून अंगणात बसवून बॉयकट केला. मी रडले नाही, जेवले नाही. दुपारी सगळे झोपल्यावर तीच कात्री घेतली आणि घोड्याची आयाळ पण कापली, मानेला धरून, खालपर्यंत, वेडीवाकडी. दोघांनाही उवा झाल्या होत्या असं मी ठरवलं होतं. मग आम्ही दोघं माझे केस वाढेपर्यंत बरोबर होतो. त्याचे वाढणार नाहीत हे मला साधारण दिवाळीत कळलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला बहिणीने सरप्राइज दिलं. माळ्यावरून घोडा काढून कोणाकडे तरी 'रिस्टोर' करायला पाठवला होता. बॉक्स उघडला, पोटापर्यंत काळी कुळकुळीत आयाळ. सगळे वॉव वॉव करत होते. मी पण वॉव म्हटलं. तो घोडा कोणाचा होता मला माहीत नाही. बहीण वाचत असेल तर सॉरी गं, केक छान होता.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
अरे देवा.

जुनं_ते_सोनं:
मी काही बोलत नाही.

पोतडी:
बोलत नाही म्हणत बोललात की.

कढीपत्ता, दुपारपासून तुझ्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाहीये. तुझा घोडा तुझ्याकडेच होता, तुला विचारायला हवं होतं एवढं साधं होतं. माझ्या डॅलसचं कोणाला विचारणार, ती ताडपत्रीवाली बाई म्हणाली घरं रिकामी करून सामान आणतो आम्ही. पण हो, पोटावर जिथे केटी होतं तिथे फिकट डाग पडलाय, सुपारीएवढा, उजेडात तिरका धरला की दिसतो. हे मी वर लिहिलं नव्हतं, जुनंजी, तुम्ही विचारल्यावरही लिहिलं नव्हतं. नाव काढायच्या आधी फोटो तरी काढायला हवा होता. नाही काढला. यापुढे काढीन, आणि कोणाला विकला तर शेपटी नवी आहे हेही सांगीन. एवढं मान्य. च्युइंगमचं मात्र मान्य नाही. च्युइंगम हा इतिहास नाही.

जुनं_ते_सोनं:
कोळ्यावर पण मी फार अडून बसणार नाही.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
भांडण संपलं असेल तर कामाचं विचारते. काल रागारागात आमचा शोकेसवाला घोडा शेवटी टबात टाकला (आईदेखत). लेकीने अख्खा बुडवला, आता हलवला की आत डुबुक डुबुक वाजतंय. काय करू?

पोतडी:
अगं बाई. पोकळ असतात, शेपटीच्या भोकातून पाणी आत जातं, तसंच राहिलं तर आत बुरशी धरते आणि मग तो वास जन्मात जात नाही. शेपटी हळूच ओढून काढ, बुचासारखी बसवलेली असते, नाही निघाली तर जोर लावू नकोस. मग तोंड वर आणि ढुंगण खाली करून टांगून ठेव पंख्याखाली, आठवडाभर. हेअर ड्रायर अजिबात नको, वाकेल. आणि लेकीला आत्ताच देऊन टाक, शेपटीशिवाय.

मुक्काम_पोस्ट_एडिसन:
दिलाय. बिनशेपटीचाच उड्या मारतोय सोफ्यावर. आई किल्ली शोधतेय.

वेलांटी:
घोड्याच्या बाबतीत 'पुठ्ठा' म्हणतात. ढुंगण नाही.