तटरक्षक दलाला सीमावादात उतरवायचं का?

गंगाथडी (धागाकर्ता)

नाशिककरांना तोफा आणि विमानं नवीन नाहीत. एका अंगाला देवळाली, दुसऱ्या अंगाला ओझर. समुद्राचा विषय निघाला की मात्र आपली गाडी नौदलाच्या पुढे सरकत नाही. म्हणून हा धागा मुद्दाम तटरक्षक दलावर.

दक्षिण चीन समुद्रात सध्या जी रेटारेटी चालते, तिच्यात युद्धनौका मागे असतात आणि पांढरी तटरक्षक जहाजं पुढे. चीनने २०१३ मध्ये निरनिराळी सागरी खाती एकत्र करून हे दल उभं केलं. २०१८ मध्ये ते सशस्त्र पोलीस दलात घालून केंद्रीय लष्करी आयोगाच्या हाताखाली नेलं. २०२१ च्या कायद्याने परदेशी जहाजांवर शस्त्र चालवायची मुभा दिली. १५ जून २०२४ पासून तर 'आपल्या' पाण्यात शिरलेल्या परक्या माणसाला ६० दिवसांपर्यंत डांबून ठेवायचा नियमच आला. 'आपलं' पाणी कुठवर, हे अर्थात तेच ठरवणार.

नियम लागू होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच सेकंड थॉमस शोलला (शोल म्हणजे समुद्रातला उथळ खडकाळ भाग) जे घडलं ते बघा. तिथे फिलिपिन्सने १९९९ मध्ये 'सिएरा माद्रे' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं जहाज मुद्दाम खडकावर चढवून ठेवलंय. गंजून त्याची चाळण झालीय, तरी आत मूठभर सैनिक राहतात. त्यांना रसद घेऊन रबरी बोटी निघाल्या, तर चिनी तटरक्षक कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन आले, बोटी फाडल्या, सामान पळवलं. झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. गोळी एकही सुटली नाही, म्हणून जगभरच्या बातम्यांत याला नाव मिळालं 'तणाव'.

माझं म्हणणं एवढंच की ही पोलिसाच्या वेषातली लढाई आहे आणि आपण तिची नक्कल करू नये. आपलं दल १९७७ मध्ये सुरू झालं, १९७८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामागची कारणं होती तस्करी, बॉम्बे हायचं तेल आणि २०० सागरी मैलांचं नवं आर्थिक क्षेत्र. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा चोवीसच्या चोवीस माणसं वाचली, त्यातली बहुतेक याच दलाने काढली. या कामात हे दल वाकबगार आहे. त्याला सीमेवरचं प्यादं केलं तर हे काम कोण करणार?

शिवारातला

असहमत, आणि चांगलाच असहमत.

शेजारी दरवर्षी नांगराचं एकेक तास बांधात घालतो. त्याच्यावर बंदूक घेऊन धावलात तर आत तुम्ही जाणार आणि रान त्याचं होणार. तिथे मोजणी आणावी लागते, नोटीस द्यावी लागते, आणि रोज सकाळी स्वतः बांधावर उभं राहावं लागतं. तटरक्षक दल म्हणजे हे रोजचं उभं राहणं.

२०१२ चं स्कारबरो शोल आठवा. फिलिपिन्सने चिनी मासेमारी बोटी अडवायला युद्धनौका पाठवली. बोटींत प्रवाळ, मोठाले शिंपले, जिवंत शार्क, सगळा मुद्देमाल सापडला. पण चीनची दोन निःशस्त्र सागरी निगराणी जहाजं मध्ये येऊन उभी राहिली आणि बीजिंगने बोंब ठोकली की तुम्हीच लष्कर आणलं. मनिलाने युद्धनौका मागे घेऊन तटरक्षक जहाज पाठवलं खरं, पण वेळ गेली होती. काही महिन्यांत शोल चीनच्या ताब्यात. पहिल्या दिवशी पांढरं जहाज तिथे असतं तर हा आरोप चिकटलाच नसता.

खारं पाणी

अवांतर: स्कारबरोची ती युद्धनौका म्हणजे 'ग्रेगोरियो देल पिलार'. ती मुळात अमेरिकेच्या तटरक्षक दलाचंच जुनं जहाज होती. फिलिपिन्सने घेतली आणि करडा रंग मारून नौदलात घातली. आता बोला.

मुद्द्याचं. मी नौदलात होतो, आता इंदिरानगरला निवांत आहे. शिवारातल्यांशी बराचसा सहमत. ज्या कॅप्टनकडे क्षेपणास्त्र आणि मोठी तोफ आहे, त्याच्यासमोर कुणी मुद्दाम आडवं आलं तर तो काय करणार? मारायचं किंवा बाजूला व्हायचं. मधल्या पायऱ्या त्याच्याकडे फार थोड्या. तटरक्षकाकडे भोंगा, रेडिओवरचा इशारा, पाण्याचा फवारा, बोट उतरवून झडती, अटक असा सगळा जिना असतो.

पण या जिन्याला वजन लागतं. चीनची सगळ्यात मोठी तटरक्षक जहाजं १२,००० टनांच्या घरातली आहेत. फिलिपिन्सचं 'तेरेसा माग्बानुआ' हे जपानने बांधून दिलेलं ९७ मीटरचं जहाज २०२४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर सबीना शोलला ठाण मांडून होतं. त्याला चिनी जहाजांनी धडका दिल्या, रसद तोडली, शेवटी खलाशांची पाण्यावाचून दैना झाली तेव्हा परत आणावं लागलं. आपली मोठी गस्ती जहाजंही शंभर मीटरच्या आसपासचीच आहेत. पाकिस्तानपुढे ती पुरून उरतात. पण उद्या अंदमानच्या बाजूला कुणी बारा हजार टन घेऊन आलं तर?

गंगाथडी

@खारं पाणी, म्हणजे उद्या आपणही बारा हजार टनी 'पोलीस' बांधायचे. मग त्याला पोलीस का म्हणायचं? हीच तर माझी भीती.

आणि या जिन्याच्या वरच्या पायरीवर कोण उभं असतं तेही बघा. ११ ऑगस्ट २०२५ ला स्कारबरोजवळ फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजाचा पाठलाग करताना चीनची युद्धनौका आणि चीनचंच तटरक्षक जहाज एकमेकांवर आदळले. तटरक्षक जहाजाचं नाक पार चेपलं. पांढऱ्याच्या पाठीला पाठ लावून करडं येतंच. फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस २०२४ मध्ये सिंगापूरला बोललेच आहेत की मुद्दाम केलेल्या कृत्यात फिलिपिनो माणूस मेला तर ते युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाईल. अमेरिकेशी त्यांचा जो १९५१ चा संरक्षण करार आहे त्यात तटरक्षक दलही धरलंय. म्हणजे अंगठ्याऐवजी मान गेली असती तर अमेरिका त्या वादात ओढली गेली असती. याला सुरक्षित अंतर म्हणायचं?

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू कुणी मांडलीच नाही, म्हणून लिहितो. (कोर्टात प्रॅक्टिस, पण सागरी कायदा हा निव्वळ छंद. नाशिक कोर्टात समुद्र येत नाही.)

सागरी कायद्याच्या करारात कलम २९८ आहे. 'लष्करी हालचालीं'संबंधीचे वाद सक्तीच्या लवादातून वगळायची सूट ते देतं. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या दाव्यात २०१६ च्या निकालात लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने बरंच काही दिलं, पण सेकंड थॉमसच्या कोंडीवर निर्णय द्यायला नकार दिला. कारण हेच, की तिथे दोन्ही बाजूंची परिस्थिती लष्करी होती.

आता उलटं उदाहरण. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्च सामुद्रधुनीजवळ रशियाच्या तटरक्षकांनी युक्रेनच्या तीन नौका आणि २४ जण पकडले. रशियाचा युक्तिवाद होता की ही लष्करी बाब आहे, तुमचा अधिकार नाही. सागरी न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये तो प्रथमदर्शनी फेटाळला आणि सुटकेचा आदेश दिला, कारण सगळा प्रकार कायदा अंमलबजावणीच्या अंगाने जात होता.

म्हणजे तटरक्षक पुढे ठेवले की कोर्टाचं दार उघडं राहण्याची शक्यता वाढते. लहान देशाला ही गोष्ट सोन्यासारखी आहे.

शिवारातला

@कलमबहाद्दर, हे माहीत नव्हतं. जोरदार +१.

गंगाथडी

वकीलसाहेब, दार उघडं राहतं, पण आत जाऊन मिळतं काय? २०१६ चा निकाल चीनने कागदाचा कपटा ठरवला. रशियाने ते खलाशी सोडले सप्टेंबर २०१९ मध्ये, तेही कैद्यांच्या अदलाबदलीत.

कलमबहाद्दर

आणि २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादात लवादाने २५,६०२ पैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशला दिले. भारताने मुकाट मान्य केलं. निकाल पाळणारे देशही असतात, त्यातला एक आपला आहे.

दुसरं म्हणजे तुमच्या मूळ लेखातलं 'आपलं दल पोलीस' हे तितकंसं खरं नाही. जपानचं तटरक्षक दल वाहतुकीच्या मंत्रालयाखाली आहे आणि लष्करी काम करायला त्याला कायद्यातच मनाई आहे. फिलिपिन्सचंही परिवहन खात्याखाली. आपलं मात्र पहिल्यापासून संरक्षण मंत्रालयाखाली. तेव्हा चीनने २०१८ मध्ये पाप केलं आणि आपण धुतल्या तांदळासारखे, असं मांडू नका.

गंगाथडी

मंत्रालय कुठलं यापेक्षा कायद्यात काम काय लिहिलंय ते बघा ना. आपल्या १९७८ च्या कायद्यातली कर्तव्यं आहेत कृत्रिम बेटं आणि समुद्रातल्या आस्थापनांचं रक्षण, मच्छीमारांना संरक्षण आणि संकटात मदत, प्रदूषण रोखणं, तस्करीविरुद्ध कस्टमला साहाय्य. परक्या माणसाला ६० दिवस डांबण्याचा अधिकार त्यात नाही. दोन्ही दलं संरक्षण खात्याची म्हणून एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

निफाडचा द्राक्षवाला

तुम्ही सगळे भांडा, मी फक्त विचारतो. २०२३ च्या अखेरीला लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजं मारायला सुरुवात केली, आणि आमचे युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेले. दिवस वाढले, भाडं वाढलं, माल उतरेपर्यंत देठ सुकायची धास्ती वेगळी. तेव्हा तिकडे धावलं ते नौदल. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाज चाच्यांकडून सोडवलं तेही नौदलाने. पैसे मर्यादित असतील तर करड्या जहाजांवर घाला.

खारं पाणी

द्राक्षवाले दादा, नौदलाने दूर जायचं तर घराजवळ दुसरं कुणीतरी लागतं ना? २६/११ ला दहशतवाद्यांनी पळवलेली 'कुबेर' बोट कुठून आली आणि कुणाच्या नजरेतून सुटली, हे आपण विसरलो का? त्यानंतरच किनाऱ्यालगतची जबाबदारी तटरक्षक दलावर वाढवली. आणि तुमच्या चाचेगिरीत हे दल पूर्वीही होतं. १९९९ मध्ये जपानी मालकीचं 'अलोंड्रा रेनबो' चाच्यांनी पळवलं, ते तटरक्षक आणि नौदलाने मिळून पकडलं. जपानशी आपल्या तटरक्षकांचे जे सराव होतात त्यांची सुरुवात तिथली.

वैतरणाकाठ

बराच वेळ वाचतोय. वैतरणा उगम पावते आपल्या त्र्यंबकला आणि समुद्राला मिळते पालघरला. माझी सासुरवाडी त्या टोकाला आहे, मच्छीमारांच्या गावात. तिथल्या माणसांना हा पांढरा-करडा वाद ऐकवला तर ते हसतील.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेने गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गेला. गोळी मारणारे नौदलाचे नव्हते बरं का, तटरक्षकच होते. खारं पाणी साहेबांचा तो जिना त्या दिवशी कुठे गेला होता? तिकडे श्रीलंकेत तर तमिळनाडूच्या बोटी नौदलच पकडतं. म्हणजे रंगावरून वागणूक ठरते हे तुमचं गणित दोन्हीकडे चुकतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच पाकिस्तानी संस्थेचं 'नुसरत' जहाज आपले सात मच्छीमार उचलून निघालं होतं. आपल्या तटरक्षक दलाच्या 'अग्रिम'ने पाठलाग करून त्याला अडवलं आणि सातही जण परत आणले. गोळी न झाडता. गंगाथडी, याला तुम्ही सीमावादात उतरणं म्हणाल की मच्छीमारांचं संरक्षण? तुमच्याच यादीतलं कर्तव्य आहे ते.

गंगाथडी

संरक्षण. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. माझा विरोध आहे ते खडक बळकावायला तटरक्षक पाठवण्याला.

शिवारातला

आपल्याला कुठला खडक बळकावायचाय? खाडीचा वाद आहे तो पाकिस्तानशी, कच्छजवळच्या सर क्रीकचा, आणि तो वाटाघाटीत अडकलाय. उगाच नसलेल्या सापाला काठी मारताय.

खारं पाणी

@वैतरणाकाठ, जिना असला म्हणून प्रत्येक जण तो चढतोच असं नाही, काही जण थेट गच्चीवर उड्या मारतात. त्या संस्थेत अधिकारी बहुतेक पाकिस्तानी नौदलातूनच येतात. म्हणून कुणाच्या हुकमाखाली चालतं हा गंगाथडींचा प्रश्न मला पूर्ण फालतू वाटत नाही. मात्र त्यावर 'आपण वादात पडूच नये' हा उपाय नाही. २०२३ मध्ये आपल्या तटरक्षकांनी फिलिपिन्सच्या तटरक्षकांशी करार केला, आपलं प्रदूषण नियंत्रणाचं जहाज मनिलाला जाऊन आलं. २०२५ मध्ये क्वाडच्या चार देशांचे (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) तटरक्षक अधिकारी एकाच जहाजावरून फिरले. आपण आधीच त्या पाण्यात आहोत, फक्त कडेकडेने.

वैतरणाकाठ

मनिलाला जरूर जा. पण आधी हे बघा. भारत आणि पाकिस्तानच्या तटरक्षकांमध्ये २००५ मध्ये करार झाला, बोलायला थेट फोनलाइन ठरली. कैद्यांच्या याद्या दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला अदलाबदल होतात. माणूस कधीतरी सुटतो, बोट बहुतेक तिकडेच राहते, आणि बोटीवरचं कर्ज इकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेचं उद्घाटन झालं. हद्द जवळ आली की ते यंत्र सूचना देतं. उत्तम आहे, बसवा. पण मेहुण्याने मला विचारलं ते तुम्हाला विचारतो: मासळी हद्दीच्या पलीकडे असेल, डिझेलची उधारी डोक्यावर असेल, तर ते यंत्र ऐकणार कोण? आणि यंत्र ऐकूनही पलीकडचं जहाज आपल्या हद्दीत येऊन उचलून नेत असेल, तर तिथे रोज पांढरं जहाज हवं की नको? गंगाथडी, या दुसऱ्या प्रश्नाचं हो किंवा नाही एवढंच उत्तर द्या.