मदत हवी आहे : पोस्टमधली ‘फॅन्सी’ अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, जुन्या पोस्ट कशा दुरुस्त करू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, महालात राहते. आई हिवाळाभर सांबारवडीच्या ऑर्डर घेते. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या गिऱ्हाइकांना डाळीचं सांबार वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.) तिचं इन्स्टाग्रामचं पान मी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी एक साइट सापडली होती. साधं इंग्रजी टाइप केलं की ती तेच वळणदार, जाड, गोलातलं, चौकटीतलं असं वीसेक प्रकारांत काढून देते. आवडेल ते उचलायचं आणि चिकटवायचं. पानाचं नाव मी वळणदार केलं आणि प्रत्येक पोस्टखाली ऑर्डरचा नंबर जाड आकड्यांत टाकत गेले. दिसायला खरंच छान दिसतं.

परवा आमच्याच गल्लीतले एक काका आले. त्यांना दिसत नाही, फोनमधला स्क्रीन रीडर सगळं वाचून दाखवतो. म्हणाले, “बेटा, पोस्टमध्ये नंबर काऊन नाही टाकत तुम्ही?” मी म्हटलं, काका, आहे ना, सगळ्यात ठळक तोच आहे. त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. फोन म्हणाला, “आज सकाळी तळलेल्या सांबारवड्या, सोबत कढी. ऑर्डरसाठी.” आणि थेट पुढच्या ओळीवर गेला. नंबरच्या जागी काहीच नाही, साधा खंडही नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी लॅपटॉपवर पान उघडलं, तर तिथे उलटंच. नावाच्या एकेका अक्षराआधी “मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट” लागून राहिलं होतं. बारा अक्षरांचं नाव संपेपर्यंत काका हात मांडीवर ठेवून शांत ऐकत होते. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं हा माणूस दर हिवाळ्यात स्वतः चालत येऊन ऑर्डर देतो, आणि मला वाटायचं त्यांना गप्पा मारायला आवडतं.

मग शोधाशोध केली. हे फॉन्ट नाहीतच. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जगभराची पद्धत. २००१ साली तिच्या ३.१ आवृत्तीत गणितासाठी सुमारे हजार चिन्हं आली, त्यातली ही वळणदार आणि जाड अक्षरं आहेत. गणितात जाड अक्षर म्हणजे व्हेक्टर (दिशा असलेली राशी), साधं म्हणजे नुसती राशी, म्हणून प्रत्येक वळणाला वेगळा क्रमांक. आपण ते नाव म्हणून वापरतो, पण यंत्राच्या लेखी ते समीकरणच.

मी आधी सीताबर्डीवर डीटीपीचं काम करायची, त्यामुळे हे लगेच पटलं. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांत आत इंग्रजीचे क्रमांक असायचे आणि वर मराठीचा आकार. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की लग्नपत्रिकेची नुसती इंग्रजी खिचडी. त्या त्रासातून युनिकोडने सोडवलं, आणि मी पुन्हा आकाराला भुलून तेच करून बसले.

आता माझ्या अडचणी. अशा १४० पोस्ट आहेत. सगळ्या हाताने टाइप करण्याला काही पर्याय आहे का? दुसरं, मराठी नाव उठून दिसावं असं आईला फार वाटतं. त्या साइटवर मराठीला वळणं मिळतच नाहीत. एकीकडे अक्षरांवर आडवी रेघ मिळाली, ती लावली तर ‘सांबारवडी’तला काना अक्षरापासून तुटून ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसला. मराठीसाठी नीट मार्ग कोणता?

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर : ‘एनएफकेसी’ नावाचं युनिकोडचंच रूपांतर आहे. ते गणिती अक्षरं आणि आकडे साध्यात आणतं, गोलातली अक्षरंसुद्धा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन ओळींचं काम आहे. सगळे मजकूर एका फाइलमध्ये घ्या आणि एकदम फिरवा. मराठीची काळजी नको, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शाबूत राहतो. पण दोन प्रकार सुटतात. भरीव चौकटीतली किंवा भरीव गोलातली पांढरी अक्षरं आणि छोटी कॅपिटल. ती कॅपिटल उच्चारशास्त्राच्या चिन्हांतून उचललेली असतात, त्यांचं साधं रूप युनिकोडने ठरवलेलंच नाही. ती हातानेच बदला. पोस्टमध्ये मजकूर परत टाकणं मात्र एकेक करूनच.

काकांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर २०२४.३ आवृत्तीपासून स्पीचच्या सेटिंगमध्ये युनिकोड नॉर्मलायझेशन (म्हणजे अशी अक्षरं साधी करून वाचणं) चालू करता येतं. तरी दुरुस्ती तुमच्याच बाजूने व्हावी, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाची सेटिंग तुम्ही बदलू शकत नाही. सर्चचंही तेच. तुमचं नाव कोणी साध्या अक्षरांत शोधलं तर ते जुळेलच असं नाही.

प्रतिसाद २

मराठीला वळण मिळत नाही कारण त्या गणिती गटात फक्त रोमन, ग्रीक आणि आकडे आहेत, देवनागरी नाहीच. आणि रेघेचं चिन्ह स आणि काना यांच्या मधे घुसतं, म्हणून काना तुटतो. नाव चित्रात घ्या. बालू, मोदक, मुक्त हे देवनागरी फॉन्ट फुकट आणि खुल्या परवान्याचे आहेत. सांबारवडीसाठी मोदक जाडजूड, गुबगुबीत दिसेल. चित्र टाकताना ऑल्ट टेक्स्टमध्ये (स्क्रीन रीडरसाठी चित्राचं वर्णन लिहायच्या जागेत) तेच नाव आणि नंबर साध्या अक्षरांत लिहायचं विसरू नका, नाहीतर काकांसाठी पुन्हा तेच. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) दिली की मराठीही जाड होतं आणि आतली अक्षरं जशीच्या तशी राहतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाच्याकडून पायथन चालवून घेतलं, १४० पैकी १२७ मजकूर एका फटक्यात साधे झाले. उरलेले १३ चौकटीवाले निघाले, दिवाळीच्या ऑफरचे, ते आज रात्री बसून करते. नंबर सगळीकडे आधी बदलला. नावाचं चित्र मोदकमध्ये केलं, आईला ‘ड’ची ढेरी फार आवडली.

काकांकडे जाऊन आले. फोनने नंबर आकडा-आकडा करून म्हटला, त्यांनी तो तिथेच सेव्ह केला. एक राहिलं : जुन्या हायलाइटमधल्या स्टोऱ्यांवर अक्षरं चित्रातच भाजलेली आहेत आणि तिथे मला ऑल्ट टेक्स्टची जागा सापडत नाही. त्या काढून नव्याने टाकायच्या, की कोणाला दुसरी वाट माहीत आहे?