'ऑरोरा'तली देवी आणि डीएपीची गोणी

गोदाकाठ : ढेकूळ, तुमच्या कालच्या पोस्टला इथंच उत्तर देतो, तिथं मावणार नाही. म्हणे किम स्टॅनली रॉबिन्सनची 'ऑरोरा' (2015) ही विज्ञान कादंबरी सहज हातात घेतली आणि त्यातली यानाची अभियंता देवी मरते तिथं हुंदका आवरेना. टाऊ सेटी ताऱ्याकडे निघालेलं यान, 12 प्रकाशवर्षांचं अंतर, आत सुमारे 2,000 माणसं, आणि सगळं यान सांभाळणाऱ्या बाईला घोर कसला? स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय! बंद यानातून मूलद्रव्य जाईल कुठं? रडवायला शोधलेली सबब आहे ही.

ढेकूळ : जात नाही, अडकून बसतं. मराठवाड्यात राहून हे विचारता? चुनखडीची काळी जमीन, सामू (पीएच) 8 च्या वर. डीएपी या खताच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद. फोकून दिलं की कॅल्शियमशी जखडतं, त्या हंगामात पिकाला जेमतेम 15-20 टक्के मिळतं. वजन तेवढंच, पीक उपाशी. देवीचा घोर हाच आहे.

चोपण : फोकतं कोण? खत आणि बी वेगवेगळं पेरणारी दोन चाड्यांची पाभर कशासाठी असते? खत बियाण्याच्या 5 सेंमी खाली पडलं पाहिजे. शिवाय स्फुरद विरघळवणारे जिवाणू, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बुरशीनाशक आधी चोळा, सुकू द्या, मग जिवाणू. दुकानदार दोन्ही एकत्र कालवायला सांगतात, तिथंच जिवाणू मरतात. आणि उसाला मोकाट पाणी सोडून जमिनी क्षारानं चोपण केल्या, त्यावर कुणी हुंदका देत नाही!

गोदाकाठ : आला ऊस! बरं, जिवाणूंनी सुटतं ना? मग देवीने का नाही टाकले?

ढेकूळ : जिवाणू कुणाचं ऐकतात? अ‍ॅरिझोनातलं बायोस्फिअर 2 बघा, काचेखाली बंद केलेलं प्रयोगाचं जग. 1991 मध्ये आठ जण आत गेले. 16 महिन्यांत ऑक्सिजन 20.9 वरून 14.5 टक्क्यांवर. सेंद्रिय माती जास्त भरलेली, जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला. निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, झाडांना मिळालाच नाही. जानेवारी 1993 मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरला. देवीला बाहेरून कोण देणार? ती रोज फक्त तूट मोजते. गलबलतं ते तिथं.

रेल्वेटाका : 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, कारण रूळ होते. मंगळावर नासाच्या मॉक्सी यंत्राने 16 वेळा चालून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला लागतो साधारण 840 ग्रॅम. वसाहतवाल्यांनी आधी एवढं वाचावं, मग रडावं.

गोदाकाठ : काँक्रीटचं मान्य, नाइलाज आहे. रडा पोटभर. पण पानंच्या पानं तुटीच्या नोंदी म्हणजे कादंबरी नव्हे, तलाठ्याचं दप्तर झालं.

ढेकूळ : तलाठ्याच्या दप्तरावर अख्खी गावं रडलीत की राव.

चोपण : ते राहू द्या. सोयाबीनला डीएपीच कशाला? सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्केच, पण गंधक 11 टक्के फुकट मिळतं. यावर बोला कुणीतरी.