फिजिओचं प्रॅक्टिकल घरबसल्या कसं शिकायचं? (इंदूर) सल्ला हवा

रामबागची_सई | मे २०२१
नमस्कार मंडळी. इंदूरला बीपीटीच्या (फिजिओथेरपीची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. २०२०च्या मार्चपासून माझं कॉलेज म्हणजे फोनची काच. थिअरी कशीबशी निभते, पण एक्सरसाइज थेरपीचं प्रॅक्टिकलपण स्लाइडवरच होऊन राहिलंय! सांध्याचा कोन मोजणं, स्नायूची ताकद तपासणं, सगळं सर स्वतःच्याच हातावर दाखवतात आणि निम्मा हात कॅमेऱ्याबाहेर. जनता कर्फ्यूमुळे मैत्रिणीकडेही जाता येत नाही.
एक अ‍ॅप आहे, वर्षाचे १८ हजार. बाबा म्हणतात घे, पण त्यांचं दुकान बंद आहे, माझंच मन होत नाही. घरात आई-बाबा, धाकटा भाऊ आणि आजी (७८). काय घेऊ?

हाडवैद्यीण | कोल्हापूर
काही घेऊ नकोस. घरात चार माणसं आहेत, म्हणजे चार मॉडेल, आणि ७८ वर्षांचा एक गुडघा! कुठलं अ‍ॅप देतं हे?
गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) कॉलेजात राहिला असेल तर कंपासपेटीतला कोनमापक घे, जुन्या एक्स-रे फिल्मच्या दोन लांब पट्ट्या काप आणि मधोमध टाचणीने अडकव. माझी पहिली दोन वर्षं अशाच जुगाडावर गेली.
सुरुवात भावाच्या गुडघ्यापासून. बाहेरच्या बाजूचा लॅटरल एपिकॉन्डाइल, म्हणजे मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळचा उंचवटा, हा मध्य. एक पट्टी मांडीवरून ग्रेटर ट्रोकँटरकडे (त्याच हाडाचा वरचा, खुब्याजवळचा उंचवटा), दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. ट्रोकँटर डोळ्यांनी दिसत नाही. भावाला अख्खा पाय आत-बाहेर फिरवायला सांग, तुझ्या बोटांखाली तो सरकेल. हे एकदा लागलं की जन्मभर विसरत नाही. त्याचा गुडघा १३५ अंशांच्या आसपास वाकायला हवा. फारच वेगळं आलं तर भाऊ नाही, तुझी पट्टी चुकली. प्रत्येक माप तीनदा, वहीत, तारखेसकट.
एक सक्त ताकीद. आजीचा सांधा ढकलायचा नाही, ती स्वतः वाकवेल तेवढंच मोजायचं. आणि व्हिडिओ बघून घरच्यांच्या मानेचे कडकड आवाज काढायचे नाहीत म्हणजे नाहीत.

लष्करवाला | ग्वाल्हेर
एमबीबीएस, तिसरं वर्ष. हाताचं ताई म्हणाल्या तेच. पाठांतरासाठी 'अंकी' (Anki) हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप वापर, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. पण माझा गाढवपणा करू नकोस. मी कोणाचा तरी तयार हजारो कार्डांचा संच उतरवला आणि तिसऱ्या आठवड्यात रोज पाचशे कार्डं तुंबली. अ‍ॅप उघडायचीच भीती वाटायची. कार्डं स्वतः बनव, स्नायूचा उगम एका कार्डावर, नर्व्ह दुसऱ्यावर. रोज नवीन वीसच्या वर नको.
लेक्चरचं रेकॉर्डिंग रात्री उतरवून ठेव. दिवसा आमच्या गल्लीत नेटवर्क रुसलेलंच असतं.

बडोद्याचा_बापू
कोरड्या विहिरीत पोहण्याचा क्लास आहे हा. वर्ष गेलं समज.

हाडवैद्यीण
बापू, वर्ष गेलं म्हणून फी परत देताहेत का तुमच्याकडे?

फळा_आणि_खडू | इंदूर
मी पलीकडच्या बाजूची, नर्सिंग शिकवते. समोर साठ काळे चौकोन असतात, बोलतेय ते भिंतीशी की माणसांशी कळत नाही. सई, सरांना एकट्याने नाही, चार-पाच जणींनी मिळून विचार: आठवड्यातून एकदा अर्धा तास छोटा गट घ्याल का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण कोणी विचारतच नाही. फोन पुस्तकांच्या ढिगावर ठेवून तुझे हात दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ सरांना पाठव. चेहरा नको, हात. मी अशाच व्हिडिओंत निम्म्या मुलींची नाडी अंगठ्याने बघायची चुकीची सवय पकडली.
बायोमेकॅनिक्ससाठी (शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र) एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीचे कोर्स फुकट बघता येतात. गणित जरा जास्त आहे, तेवढं गाळलंस तरी चालेल.

रामबागची_सई | पाच दिवसांनी
सगळ्यांना धन्यवाद! एक्स-रे फिल्म आजीच्याच जुन्या फाइलमधली वापरली. भाऊ १३२, १३५, १३४. आजी मात्र गोंधळात टाकून राहिलीय. आधी कुरकुरत पालथी झोपली तर ९०. नंतर उताणी, मांडी उचलून, तर १०८. पट्टी तीनदा तपासली. नऊवारीच्या घोळात ट्रोकँटर चुकला का?

हाडवैद्यीण
नऊवारीवर खापर फोडू नकोस, दोन्ही मापं बरोबर असतील. रेक्टस फिमोरिस हा मांडीच्या पुढचा स्नायू हिप आणि गुडघा दोन्हींवरून जातो. पालथं झोपलं की हिप सरळ, स्नायू वरून आधीच ताणलेला, मग गुडघा लवकर अडतो. मांडी वर घेतली की तो वरून ढिला पडतो, म्हणून तुझे १८ अंश वाढले. मापाशेजारी कुठल्या स्थितीत घेतलं ते लिहीत जा.

रामबागची_सई
अय्या! हेच मी 'पॅसिव्ह इनसफिशियन्सी' म्हणून दोनदा लिहून घेतलंय, पाठही केलंय. अ‍ॅप घेत नाहीये. सरांनी शनिवारी पाच जणींचा गट घ्यायचं कबूल केलं. आजी आत्ता गच्चीवरून शेजारच्या काकूंना ओरडून सांगतेय, "माझा १०८ आला, तुमचा किती?"