नॉर्वेला जूनमध्ये जावे की फेब्रुवारीत?

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

मी यंदा शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असून पत्नीसह बारा दिवस नॉर्वेला जाण्याचे मनात आहे. मध्यरात्रीचा सूर्य, उत्तर ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातील रंगीत झोत) आणि फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत पाहाव्यात, अशी आमची इच्छा आहे. एका प्रवास कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात ऑस्लो, बर्गन आणि ट्रोम्सो यांच्याबरोबर स्टॉकहोम आणि कोपनहेगनही घातलेले आहे. पत्नी पूर्ण शाकाहारी असून तिचे गुडघे दुखतात. अशा परिस्थितीत कोणता महिना निवडावा?

माहुलीकर

सर, तिन्ही गोष्टी एका फेरीत बसत नाहीत, आणि हे त्या कंपनीने आपल्याला आधीच सांगायला हवे होते. ध्रुवीय प्रकाश दिसायला अंधारे आकाश लागते, तर ट्रोम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै या काळात सूर्य मावळतच नाही. शिवाय बर्गन 60 अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे तेथे मध्यरात्रीचा सूर्य मुळीच दिसत नाही. जूनमध्ये रात्रभर संधिप्रकाश तेवढा रेंगाळतो.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो. पडदा नीट ओढायचा राहिला, तेव्हा सौ. रात्री दोन वाजता उठून चहाचे आधण ठेवून बसल्या होत्या! मात्र खरा आनंद पश्चिमेकडच्या फ्योर्डांतच मिळाला. ऑस्लोहून बर्गनच्या गाडीने मिर्दालला उतरावे आणि तेथून फ्लामची गाडी धरावी. ही 20 किलोमीटरची वाट साधारण 865 मीटर खाली उतरते आणि तिचा बराचसा भाग 18 मीटरला 1 मीटर अशा उताराचा आहे. घाटात वाढलेल्या आपल्यासारख्या माणसालाही खिडकी सोडवत नाही. फ्लामहून बोटीने नेरॉयफ्योर्डमध्ये जाता येते. बामणोलीच्या लाँचमधून शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) पाहिला असेल, तर पाण्यालगतचे डोंगर आपल्याला नवे वाटणार नाहीत. पण येथे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरलेला आहे आणि एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून जेमतेम 250 मीटरवर येतात. गुडघ्यांना त्रास न देता बसल्या जागी एवढे दाखवणारा दुसरा प्रवास मला ठाऊक नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

फेब्रुवारीचीही बाजू मांडतो. समुद्रातील उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोचे तापमान तेव्हा उणे 4 अंशांच्या आसपास असते, म्हणजे ऐकून जितकी भीती वाटते तितकी थंडी नसते. मात्र फुटपाथवर बर्फ गोठून काचेसारखा होतो आणि पहिल्याच दिवशी मी पाठीवर आपटलो. त्यानंतर बुटांना चढवायचे खिळेदार रबरी तळ विकत घेतले. प्रकाश तीन रात्रींपैकी एकदाच दिसला, तोही गाडीने कित्येक तास ढगांपासून दूर, फिनलंडच्या सीमेकडे गेल्यावर. आपल्या सौभाग्यवतींचे गुडघे लक्षात घेता मी स्वतः जूनच सुचवेन. ट्रोम्सोला रेल्वे जात नाही, त्यामुळे तिकडे जायचेच असेल तर ऑस्लोहून विमान धरा आणि स्टॉकहोम-कोपनहेगन खुशाल वगळा. बारा दिवसांत पाच शहरे म्हणजे सामान बांधणे आणि सोडणे, एवढेच हाती लागते.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

दोघांचेही आभार. जून ठरवला. आता दोन शंका राहतात. व्हिसा कोणत्या देशाचा काढावा? आणि ऑस्लोतल्या भाच्यासाठी कंदी पेढे नेले तर चालतील का?

माहुलीकर

नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. ज्या देशात आपला मुक्काम सर्वाधिक असेल, त्याच देशाकडे अर्ज करावा. तो प्रवासाच्या सहा महिन्यांहून अधिक आधी देता येत नाही, आणि प्रवासविम्यात वैद्यकीय खर्चासाठी किमान 30,000 युरोचे संरक्षण असावे लागते.

पेढ्यांचे मात्र जमणार नाही, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ तेथे नेण्यास बंदी आहे. मी तूप नेले होते, ते विमानतळावरच सोडून द्यावे लागले. त्याऐवजी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर बाहेरच्या महागड्या जेवणाचा खर्चही आटोक्यात राहतो. भाच्यासाठी आपला गूळ-शेंगदाण्याचा लाडू चालेल, मात्र तो तुपाशिवाय वळलेला असावा.